दुसऱ्या पेशीतला उजेड

१२ फेब्रुवारी

ताई,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न उघडता कपाटावर टाकून देशील, म्हणून पत्ता टाइप करून चिकटवलाय. आता उघडलंच आहेस तर पुरतं वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, जाड काळ्या पेनाने. भाऊजींना वाचून दाखवायला सांगू नकोस. त्यांचा आवाज मध्ये आला की तू माझ्याऐवजी त्यांच्याशी भांडशील.

त्यांच्यावर आधीच चिडली असशील. हो, त्यांनी मला फोन केला होता. ते तुला सांगणार नव्हते, मीच सांगतेय. काचबिंदू वाढलाय म्हणाले. समोरचं दिसतं, कडेचं गेलंय. डेपोच्या तपासणीत तुला नापास केलं आणि तू साहेबांच्या टेबलावर हात आपटून आलीस. जी बाई भर गर्दीच्या चौकात बस अशी वळवायची की उभ्या माणसाचा तोल जाऊ नये, ती आता खिडकीत बसून पास देते. मी फोनवर काय बोलले ते आठवत नाही.

मग ते म्हणाले की एका नव्या औषधाच्या चाचणीत तुझं नाव लागलंय. डोळ्यात इंजेक्शन. आधी डावा डोळा, तो निभावला तर उजवा. तू खूश आहेस, घरात पुन्हा गाणं गुणगुणायला लागलीस, असंही म्हणाले.

ताई, ती तारीख पुढे ढकल. दोन-तीन महिने. सर्दी झालीय म्हण, लग्नाला जायचंय म्हण, काहीही सांग. एवढंच मागायला हे पत्र लिहितेय.

का, ते आत्ता सांगता येत नाही. मला स्वतःला अजून खात्री नाही, आणि खात्री नसताना बोललेलं तुला किती आवडतं ते मला माहीत आहे.

आईच्या वेळी दवाखान्यात तू 'अजून थोडं बघू' म्हणत होतीस आणि मी 'आता मशीन काढू या' म्हणाले. डॉक्टरांनी माझं ऐकलं. त्यावर मी इथे काही लिहिणार नाही. तेव्हा जे म्हणाले तेच आजही म्हणेन. फक्त एवढं ओळखून आहे की आता दुसऱ्यांदा नको म्हणणारीही मीच आहे, आणि तुला तेच आठवणार.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. तारीख बदल.

तुझी धाकटी


२५ फेब्रुवारी

ताई,

तुझा निरोप पोचला. भाऊजी तो गुळगुळीत करून सांगायला बघत होते, पण मागून तुझा आवाज येतच होता. 'तिला म्हणावं, आईच्या वेळी एकदा नको म्हणालीस तेवढं पुरे झालं.'

ठीक आहे. मग कारणच सांगते. मागच्या पत्रात मी लपवलं होतं.

तुझ्या डोळ्यात जे टाकणार आहेत ते आमच्या प्रयोगशाळेतून निघालेलं आहे. मी ज्यांच्या हाताखाली काम करते त्या सरांनी त्यात आपली उमेदीची सगळी वर्षं घातलीत. आतलं बाहेर बोलायचं नाही अशी मी सही दिलेली आहे. आणि चाचणीत घरचं कोणी असेल तर ते सरांना लगेच कळवायचं असतं. तेही मी अजून कळवलेलं नाही.

औषध म्हणजे एक प्रोटीन. आपल्या मेंदूतल्या, डोळ्यातल्या चेतापेशी त्यावर जगतात, वाढतात. डोळ्यातल्या पेशीला एक लांबच लांब धागा असतो, तो पार मेंदूपर्यंत जातो. तिथे त्याची दुसऱ्या पेशीशी गाठ पडते. त्या जागेला आम्ही सांधा म्हणतो. एका पेशीचा निरोप दुसरीला मिळतो तो तिथूनच. मेंदूकडच्या टोकाला हे प्रोटीन मिळतं आणि धाग्यातून उलटं डोळ्याकडे येतं. काचबिंदूत डोळ्याच्या मागे धागे दाबले जातात, पुरवठा अडतो, पेशी उपाशी मरतात. सरांचं म्हणणं साधं आहे: मग थेट डोळ्यातच का देऊ नये? दिलं. उंदरांच्या मरायला टेकलेल्या पेशी वाचल्या. हे खोटं नाही ताई, मी स्वतः पाहिलंय. म्हणून तर तुला सरळ 'घेऊ नकोस' म्हणायला जीभ रेटत नाही.

चाचणीच्या कागदावर सरांनी लिहिलंय की डोळ्यात दिलेलं डोळ्यातच राहतं. तू सही केलीस त्या कागदावरही ते असेल.

ते राहत नाही.

मी त्या प्रोटीनला चमकणारी खूण लावून उंदराच्या डोळ्यात सोडलं आणि नंतर मेंदूचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवले. ज्या पेशींचा डोळ्याशी थेट काही संबंध नाही, ज्या सांध्याच्या पलीकडे बसलेल्या आहेत, त्या चमकत होत्या. म्हणजे ते धाग्यातून पुढच्या दिशेने गेलं, सांध्यापाशी उतरलं आणि दुसऱ्या पेशीत शिरलं. तुझ्या भाषेत, शेवटच्या स्टॉपवर उतरून उतारूने दुसरी गाडी पकडली. आणि तिथे पोचून ते नुसतं बसलेलं नाही. त्या पेशींवरचे सांधे जाड झालेत, संख्येनेही वाढलेत.

सरांना दाखवलं. ते खूप वेळ बघत होते.

'खूण सुटून वाहत गेली असेल,' म्हणाले.

'नुसती खूण सोडून पाहिली, सर. ती पुढे गेली नाही.'

'मेंदूतल्या पेशी हे प्रोटीन स्वतःही बनवतात.'

'बनवतात. पण त्यांनी बनवलेलं चमकणार नाही.'

त्यांनी चष्मा काढून पुसला. 'बरं, गेलं पुढे. बिघडलं काय? पुढच्या पेशीलाही दोन घास मिळाले.'

प्रश्न वाजवी आहे. सांधा जाड झाला की निरोप जास्त जोरात जातो. ते चांगलं की वाईट, मला माहीत नाही. मला ते माहीत होईपर्यंत तू थांब, एवढंच मागतेय.

तुझी धाकटी


९ मार्च

ताई,

हे पत्र घरून लिहितेय. सध्या हाताशी वेळ भरपूर आहे.

आमच्या उंदरांच्या खोलीत कोपऱ्यातली एक ट्यूब खराब झाली होती. फडफडायची. बदलायला सांगितलं होतं, कोणी मनावर घेतलं नव्हतं. गेल्या आठवड्यात मी पिंजरे साफ करायला गेले तर त्या ट्यूबखालचे काही उंदीर ताठ झाले होते. आधी पुढचा पाय थडथडायला लागायचा, मग जबडा, मग थोडा वेळ सगळंच अंग. ट्यूब बंद केली तसे ते थांबले. शेजारच्या पिंजऱ्यात औषध न दिलेले उंदीर होते, त्याच उजेडात. ते निवांत खात होते.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लुकलुकणारा दिवा आणून लावला. आपण जनावराला काय करतोय ते कळत असताना बटण दाबणं सोपं नसतं. पुन्हा तेच झालं. सगळ्यांना नाही, पण औषधवाल्यांनाच.

आता सरांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. डोळ्याकडून येणारा निरोप पलीकडच्या पेशींपर्यंत गरजेपेक्षा जास्त जोरात जातोय. साध्या उजेडात निभतं. उजेड लुकलुकला की प्रत्येक ठोका वाढत जातो आणि मेंदूला तो आवरत नाही.

'सर, हे थांबवायला हवं,' मी म्हणाले.

'उंदरांची मात्रा माणसांपेक्षा जास्त असते.'

'वजनाच्या मानाने थोडीच जास्त आहे.'

'थोडी का होईना, आहे ना?' ते उठून खिडकीशी गेले. पाठ माझ्याकडे. 'माझे वडील शेवटी भिंत चाचपत चालायचे. डोळ्यांत औषध घालायला मी गेलो तर विचारायचे, कोण आहे. त्या यादीतल्या माणसांना मी काय सांगू? तुमची दृष्टी जाऊ द्या, आमच्या खोलीतली ट्यूब खराब होती?'

माणूस वाईट नाही, ताई. वाईट असता तर मला बरं पडलं असतं.

'सगळं पहिल्यापासून पुन्हा कर,' म्हणाले. 'नवे उंदीर, नवी खोली. मग बोलू.'

ते पुरं होईपर्यंत तुझं इंजेक्शन होऊन गेलं असतं. तेव्हा मी सांगून टाकलं. 'सर, यादीत माझी बहीण आहे.'

ते वळले. रागावले नाहीत, त्याचीच मला भीती वाटली. 'कधीपासून माहीत आहे?'

'महिना झाला.'

'मग या कामाकडे तू सरळ नजरेने बघूच शकत नाहीस. हे तुलाही कळतं.'

दुसऱ्या दिवशी माझ्या कार्डाने दार उघडलं नाही. पहारेकरी रोजचा ओळखीचा. तो दुसरीकडे बघत राहिला. नियमाने बघशील तर सरांचं चुकलेलं नाही. पण जे पाहिलं ते मी सरांशी बोलले त्याच दिवशी चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला पाठवून दिलं होतं. त्यांची पोच आली आहे. पोच म्हणजे फक्त पोच.

नोकरीचं काय होईल माहीत नाही. भाऊजींना एवढ्यात सांगू नकोस, ते लगेच धावत येतील.

माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर बस आणि एकच विचार: हे औषध डोळ्याबाहेर जातं का, आणि गेलं तर पुढे काय करतं? ते काय उत्तर देतात ते ऐक. मग तुला वाटेल ते कर.

तुझी धाकटी


२१ मार्च

ताई,

भाऊजींचा फोन आला. तू इंजेक्शन घेऊन मोकळी झालीस. मागच्या आठवड्यातच. दुसऱ्या कोणाची तारीख रद्द झाली, ती तू मागून घेतलीस, आणि मला कळवायचं नाही अशी त्यांना शपथ घातलीस.

मी फोन ठेवला आणि समोरचा कप भिंतीवर फेकला. हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

आता झालं ते झालं. नीट वाच. घरातली, डेपोतली एखादी ट्यूब फडफडत असेल तर आजच्या आज बदलून घे. टीव्ही अंधारात बघू नकोस. चालत्या गाडीत बसलीस आणि बाजूने झाडांची रांग किंवा कठड्याचे गज असले, वर तिरपं ऊन असलं, तर डोळे मिट. सुरुवात हाताच्या बोटांपासून होईल. आधी हात, मग जबडा. तसं वाटलं तर जिथे आहेस तिथे खाली बस आणि दोन्ही डोळे हाताने झाक.

गाडी चालवू नकोस. दिसायला लागलं तरी नाही. ताई, दिसायला लागलं तर अजिबातच नाही.

तुला दिसावं असं मला मनापासून वाटतं. माझंच म्हणणं खोटं ठरावं असंही वाटतं.

समितीचं काही ठरलेलं नाही. उंदरांवरून माणसांचं औषध थांबवायचं का, यावर त्यांचंही एकमत नाही. माणसांत असं काही झाल्याची एकही तक्रार नाही, असं त्यांनी कळवलंय.

भाऊजींना हे पत्र वाचायला दे. या वेळी दे.

तुझी धाकटी


१९ मे

चिंगे,

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही. येतं तसं लिहितेय, चुका काढत बसू नकोस.

तुझी पत्रं मी सगळी वाचली. दोनदोनदा वाचली. राग यायचा आणि तरी वाचायची. मला वाटायचं, हिला आपलं खरं झाल्याशिवाय झोप लागत नाही.

इंजेक्शननंतर काही आठवडे काहीच नव्हतं. मग एक दिवस डेपोच्या खिडकीत बसले होते आणि डावीकडून एक म्हातारा आला. तो खाकरायच्या आधी मला दिसला. घरी येऊन सोफ्यावर बसले आणि मान न वळवता दाराची चौकट बघत राहिले. ती तिथे होती. हे म्हणाले, 'काय बघतेस?' मी म्हटलं, 'दार.' मग आम्ही दोघं दाराकडे बघत बसलो.

तुझी आठवण झाली आणि तुला कळवायचं नाही असंही ठरवलं.

डेपोची तपासणी पुन्हा मागितली. कडेचं दिसण्याच्या परीक्षेत काठावर का होईना पास झाले. मग रस्त्यावरची परीक्षा. रिकामी बस, शेजारी परीक्षक साहेब. तुझ्या पत्रांबद्दल मी तिथे चकार शब्द काढला नाही. गाडी अशी चालली होती की काय सांगू. पाय, हात, सगळं आपापल्या जागी. साहेब म्हणाले, 'बाई, तुम्ही सुट्टीवर होता असं वाटतच नाही.'

परत येताना कालव्याच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना झाडं आणि समोरून तिरपं ऊन. उजेड, सावली, उजेड, सावली. डाव्या हाताची बोटं स्टिअरिंगवर आपटायला लागली. मी आपटत नव्हते. तोंडात लोखंडाची चव आली. रस्ता दिसत होता, झाडं दिसत होती, पण पायाखाली जे आहे ते कशासाठी असतं तेच क्षणभर कळेना. तुझी ओळ तेवढी आठवली. आधी हात, मग जबडा.

ब्रेक कसा लागला ते माहीत नाही. हँडब्रेक ओढला, डोळे झाकले. थोड्या वेळाने ते गेलं.

'काय झालं?' साहेबांनी विचारलं. 'छान चालली होती की.'

'गाडी तुम्ही न्या, साहेब.'

'दमला असाल. इतक्या दिवसांनी हातात घेतलीत. मी पास लिहितो, काळजी नको.'

ते खरंच लिहीत होते. पेन कागदावर टेकलेलं. मी फक्त 'बरं' म्हटलं असतं की झालं असतं. वरच्या आरशात नजर गेली. मागच्या सगळ्या सीटा दिसत होत्या, अगदी डावीकडच्या शेवटच्या सीटपर्यंत. रिकाम्या होत्या म्हणून बघवल्या.

'लिहू नका,' मी म्हटलं. 'मला आत्ता झटका आला होता.'

यापुढचं तुला आवडणार नाही. डेपोला सांगितलं तरी डॉक्टरांना मी आठवडाभर सांगितलं नाही. उजव्या डोळ्याची तारीख जवळ आली होती. सांगितलं की उजवा गेला, हे कळत होतं. यांनी घरातल्या सगळ्या ट्यूब बदलून टाकल्या, चांगल्या असलेल्यासुद्धा. ते बघून मला राहवेना. गेले आणि सांगितलं.

दोन दिवसांनी तुझे सर स्वतः घरी आले, डॉक्टरांना घेऊन. तुझ्या पत्रांवरून वाटले होते त्यापेक्षा थकलेले दिसले. पाणी दिलं ते हातात धरूनच बसले.

'तुम्हाला दिसतं का?' आधी हेच विचारलं.

'दिसतं. तुमच्याच औषधाने दिसतं. आणि त्याच औषधाने हात उडाला.'

त्यांनी सगळं दोनदा विचारलं. मग दवाखान्यात नेलं, डोक्याला वायरी लावल्या आणि लुकलुकणारा दिवा दाखवला. मी म्हटलं, दाखवा. कागदावरची रेघ पिसाळल्यासारखी झाली, त्यांनी लगेच दिवा बंद केला. तुझे सर तो कागद हातात घेऊन खुर्चीवर बसले. मग म्हणाले, 'ती बरोबर होती.'

मी म्हटलं, 'ते मला कशाला सांगता? तिला सांगा.'

सांगितलं का? नसेल तर मला कळव, मी बघते.

चाचणी थांबवली हे तुला माहीत असेलच. औषध घेतलेल्या सगळ्यांना बोलावून विचारलं. एका शिक्षकाला टीव्हीसमोर असंच दोनदा झालं होतं म्हणे. त्याने तोंड उघडलं नव्हतं, औषध बंद करतील म्हणून. मला त्याचा राग आला नाही. आता मात्रा अगदी कमी करून आधी उंदरांवर बघणार आहेत. ते काम तू करावंस असं सर डॉक्टरांना म्हणत होते, मी ऐकलं.

उजव्या डोळ्याला काही मिळणार नाही. डाव्यातलं किती दिवस टिकेल ते डॉक्टरांना सांगता येत नाही. बस मी पुन्हा चालवणार नाही. हे लिहायला मला दोन दिवस लागले, म्हणून पत्र उशिरा.

आईचं मला पटलेलं नाही. पुढेही पटेल असं वाटत नाही. पण त्या दिवशी डॉक्टरांना सगळं सांगून बाहेर आले आणि जिन्यात बसून राहिले, तेव्हा मनात आलं, दवाखान्यात ते बोलून झाल्यावर तूही अशीच कुठेतरी बसली असशील. तेव्हा मी तुला शोधायला आले नव्हते.

रविवारी येतेय. हे घरीच राहतील, मी एकटी बसने येणार. खिडकीची जागा घेईन, झाडं आली की डोळे मिटेन. तू स्टॉपच्या डाव्या बाजूला उभी राहा. हाक मारू नकोस. मला बघायचंय, तू आपणहून दिसतेस का.

ताई